भित्रा माणूस पाहिजे

मांद्रेकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी मागचं दार कुठे आहे ते विचारत. पाणी नंतर, खुशाली नंतर. आमच्या डिचोलीच्या घरी ते पहिल्यांदा चतुर्थीला आले, तेव्हा गणपतीसमोर हात जोडण्याआधी त्यांनी माझ्या सासूबाईंना विचारलं, "मांय, मागलें दार खंय? आणि तें भायर उघडता की भितर?"

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, जीभ मात्र विशीतली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "गो, तुझो सायब जेवंक आयला की पळूंक?" हसता हसता माझ्या हातून खतखत्याचं पातेलं निसटायचं राहिलं. सर मागच्या दाराची कडी काढून-घालून पाहून आले, मग गणपतीला नमस्कार केला, आणि नंतर दोन माणसांचं जेवण एकटे जेवले. भिणाऱ्या माणसाला भूक लागत नाही असं मला तोवर वाटायचं.

सर आता नाहीत. चोपड्याला, नदीकाठच्या त्यांच्या घरात, दुपारच्या झोपेत गेले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर उंच, वाकलेला माणूस, पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ता कुणीतरी वाईट बातमी घेऊन येणार आहे. रसायनशास्त्रातले डॉक्टर. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढून गावाकडे परतलेले. कारापूरच्या वाटेवर आमचा छोटासा कारखाना होता, उदबत्तीला आणि बिस्किटाला लागणारे वास बनवणारा. तिथे ते मुख्य होते.

त्यांची-माझी पहिली भेट माझ्या मुलाखतीची. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, म्हणजे आत्ताच्या हिशेबाने पोरगीच. मुलं मोठी झाली होती, एम.एस्सी.ची पदवी कपाटात पडून होती, आणि तिच्यातला पहिला वर्ग मेथी विकणारीलाही सांगून झाला होता. सरांनी रसायनशास्त्रातलं एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तू कशाक भियेता?"

मी मान ताठ केली. "कशालाच नाही."

सर शेजारी बसलेल्या मालकांकडे वळले. मालकांना आम्ही सगळे शेट म्हणायचो. "शेट, ही नाका."

शेटनी मला तरीही घेतलं, कारण अर्ज करणारी मी एकटीच होते. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर मी ती निवड गुणवत्तेवर झाल्याचं सगळ्या डिचोलीला सांगून टाकलं होतं.

कारखान्यात आम्ही बेंझिल अल्कोहोलपासून कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड करायचो. अल्कोहोलला हवेतला ऑक्सिजन खाऊ घालायचा, पण बेताने. पहिल्याच दिवशी सरांनी मला ते माडीच्या, आमच्याकडे जिला सूर म्हणतात तिच्या, उदाहरणाने समजावलं.

"रेंदेरान माडाची सूर काढली आणि तशीच ठेवली, तर काय होता?"

"विनागर."

"मधी काय होता?"

"मध्ये काही नाही. सूर असते, मग आंबट होते."

"मधी एक घर आसा गो बाय. सूर थंय क्षणभर टेकता आणि फुडें पळता, म्हणून तुका दिसना. आपलो धंदो त्या मधल्या घराचो. थंय थांबलो तर वास. पुढे गेलो तर आंबट. आणि धांवत गेलो तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वाईटातलं वाईट ते नेहमी अर्ध्यावर सोडत.

मधल्या घरी थांबवायचं काम एका काळ्या भुकटीचं. कोळशाचं बारीक पीठ, आणि त्याच्या कणाकणावर बसवलेला पॅलेडियम नावाचा महागडा धातू. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. आमचे कामगार त्याला मशेरी म्हणायचे, कारण ओला केला की तो अगदी तसाच दिसायचा. ही मशेरी नेहमी ओलीच हाताळायची. आधी नायट्रोजन सोडून रिअ‍ॅक्टरमधली हवा हाकलायची, मग ओली मशेरी, मग अल्कोहोल, आणि सगळ्यात शेवटी हवा, तीही चिमूटचिमूट. ही सगळी कृती सर दर वेळी मोठ्याने म्हणत. पाठ असलेली आरती माणूस म्हणतो तशी नव्हे. पत्ता विसरलेला माणूस रस्ता विचारतो तशी, प्रत्येक पायरीवर थांबून.

मी मागे उभी राहून त्यांची नक्कल करायची. सुरक्षेचा चष्मा डोळ्यांवर न लावता केसांवर लावायची, कारण डोळ्यांभोवती वळ उठायचे आणि तो लग्नसराईचा हंगाम होता. सिनेमातल्या नटीसारखं दिसतं असं मला वाटायचं. त्या वेळचा एक फोटो आहे. त्यात मी कपाळाला बरण्या बांधलेल्या बाईसारखी दिसते.

एकदा सरांनी मला अंगणात नेलं. चिरेबंदी कट्ट्यावर एक फरशी ठेवली, तिच्यावर वापरलेली सुकी मशेरी, नखभर. दूर उभं राहून लांब नळीने तिच्यावर मिथेनॉलचा एक थेंब सोडला. मिथेनॉल म्हणजे आम्ही भांडी आणि फिल्टर धुवायला वापरायचो ते पातळ, पटकन उडणारं अल्कोहोल. काडी नाही, ठिणगी नाही. ती काळी चिमूट आतून लाल झाली आणि भप्प करून पेटली.

"पळयलें? हिका उजो लावचो पडना. ही सुकली की सोताच पेटता. पाण्याखाली आसा तोवर झोपल्या. पाणी गेलें की जागी."

"छान," मी म्हटलं, "दिवाळीला फुलबाज्या नकोत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणाला न सांगता दुखणं लपवून ठेवलेल्या माणसाकडे बघतात तसं. "तुका हांसूं येता," ते म्हणाले, "तेंच माका भंय दिसता."

माका भंय दिसता. मला भीती वाटते. हे वाक्य सर दिवसातून कितीदा म्हणत. आपल्याकडे पुरुष माणूस हे वाक्य तोंडातून काढत नाही. फार तर 'सांभाळून करा' म्हणतो. सर सरळ म्हणायचे, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे बोट दाखवायचे. "ह्या पंपाचें माका भंय दिसता." "त्या झांकणाचें माका भंय दिसता." कामगार गालात हसत आणि झाकण बदलत.

त्या वर्षी सरांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. चोपड्याहून त्यांच्या पत्नी शांताकाकी आल्या आणि त्यांनी शेटना माझ्यासमोर सांगितलं, "ह्यांका घरा धाडा. निवृत्तीचें वय केन्नाच जालें." शेट म्हणाले, "मी कुठे अडवतोय, काकी? उद्याच मोकळं करतो. बाई आहेत ना, पहिला वर्ग."

मी पदर सारखा केला.

सर म्हणाले, "हुशार माणूस मेळ्ळां. माका भित्रो माणूस जाय. माझ्या जाग्यार भिवपी कोण तरी मेळूं दी, मग जातंय."

"अहो, भिण्याला काय माणूस ठेवायचा?" शेट हसले.

"दुसरें सगळें पुस्तकान कळता," सर म्हणाले. काकी डोळे पुसत परत गेल्या. मला तेव्हा वाटलं, हा म्हातारा खुर्ची सोडायला कारणं शोधतोय. ती खुर्ची मला मिळावी असं मनात होतं, म्हणून तर तसं वाटलं.

दसरा जवळ आला. पाऊस सरला होता आणि ऑक्टोबरची काहिली सुरू झाली होती. डासांचा ताप गावात फिरत होता, त्यामुळे आरोग्य खात्याची एक मुलगी घरोघरी, दुकानोदुकानी येऊन साठलेलं पाणी बघायची. ती आमच्याकडे आली. सर त्या दिवसांत तपासण्यांसाठी इस्पितळात होते. मी केस रंगवायला रजा घेतली होती, आणि परत आल्यावरही मागच्या आवारात एकदाही डोकावले नाही. मुलीने टायर दाखवले, कुंड्या दाखवल्या, मागच्या आवारातला निळा ड्रम दाखवला. "हे सगळं पाणी आजच्या आज ओता. परत आले की दंड."

त्या निळ्या ड्रममध्ये वर्षभराची वापरलेली मशेरी होती. धातू परत काढायला पाठवायची म्हणून जपून ठेवलेली, वर वीतभर पाणी. फिल्टरवर मिथेनॉलने धुतलेली, म्हणजे अंगात अल्कोहोल मुरलेली. सर रोज सकाळी तिच्यात पाणी घालत.

आमच्या माणसांनी काय करावं? कुठल्याही चांगल्या घरात करतात तेच केलं. पाणी फडक्यातून हळूच गाळून ओतलं, कण सांडू दिला नाही. ओला माल कुबट होतो म्हणून झाकण काढून दोन-तीन दिवस उन्हं दाखवली, कोकमाची सोलं दाखवतात तशी. आणि महागाची वस्तू सणाच्या दिवसांत बाहेर कशाला, म्हणून ड्रम उचलून गोदामात ठेवला. मिथेनॉलच्या ड्रमांना लागून.

दसऱ्याच्या सकाळी कारखाना नवरीसारखा नटला होता. रिअ‍ॅक्टरला झेंडूची माळ, नवीन भाताच्या लोंब्या, हळदकुंकू. समोर समई, पाचही वाती पेटलेल्या. शेटचं सगळं कुटुंब, कामगारांच्या बायका, पोरं. गोदाम आणि हॉल यांच्यामध्ये छातीइतकी भिंत, वर मोकळं.

सर उशिरा आले, इस्पितळातून परस्पर. मागचं दार बघून आले ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"निळो ड्रम खंय?"

आमचा सगळ्यात जुना कामगार बाबलो अभिमानाने म्हणाला, "भितर दवरला, सर. बरो सुको करून."

मी सरांचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर एरवी कायम जी भीती असायची ती नाहीशी झाली होती. तिथे काहीच नव्हतं. आणि मग मलाही तो वास आला. कडू बदाम, आणि त्याच्या खाली जळकं.

सर भिंतीशी गेले. मी मागून गेले. ड्रमच्या तोंडावरची हवा पाण्यासारखी हलत होती. आत काळ्या ढेपेत एक लाल ठिपका होता, विडीच्या टोकाएवढा. तो मंद व्हायचा, आणि पुन्हा उजळायचा. श्वास घेतल्यासारखा. हातभर अंतरावर मिथेनॉलचा ड्रम, त्याच्या तोंडात हातपंप, आणि त्या पंपाचं बूच कधीच नीट बसायचं नाही.

सर वळले. आवाज अगदी हळू. "सगळीं भायर. मागल्या दारान. धांवूं नाकात. बटण दाबूं नाका, पंखो चालूं आसा तो चालूं दी."

माणसं निघाली. त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की कुणी कारण विचारलं नाही. समईपाशी मात्र शेटच्या आई बसून होत्या.

"मांय, समई निवंवची पडटली."

"दसऱ्याला? पेटलेली समई?" म्हातारीने गुडघ्यावर हात ठेवले. "मी जिती असताना नाही."

त्यांच्या जागी मी असते तर वाफेचं वजन, हवेचं प्रमाण, सगळं शास्त्र सांगितलं असतं आणि त्यातच सगळे गेलो असतो. सर तिच्यासमोर खाली बसले आणि हात जोडले. "मांय, माका भंय दिसता."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग रिअ‍ॅक्टरच्या माळेतलं एक झेंडूचं फूल तोडलं. "विझवायची नाही. निरोप देते," असं म्हणून तिने फुलाने पहिली वात दाबली. मग दुसरी. तिसरी वात फुलाखालून पुन्हा उभी राहिली. मी भिंतीवरून तो लाल ठिपका बघत होते, तो आता ठिपका राहिला नव्हता, बोटभर रेघ झाली होती. म्हातारीने तिसरी वात पुन्हा दाबली, तोंडाने काहीतरी पुटपुटत. चौथी. पाचवी. सरांनी तिला हाताला धरून उठवलं आणि सून बाहेर घेऊन गेली.

आता माझा पराक्रम ऐका. मी कोपऱ्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं आणि गोदामाकडे झेपावले. रंगवलेले केस, दसऱ्याची साडी, हातात नळकांडं. सरांनी माझा दंड पकडला. एवढ्या जोराने की बांगडी फुटली.

"फवारो मारलो तर पीठ उडटलें. पेटलेलें पीठ. मिथेनॉलार." आणि मग, "झारी हाड. झाडांची."

फाटकाजवळच्या तुळशीला पाणी घालायची पत्र्याची झारी मी भरून आणली. सर ड्रमपाशी गेले. त्यांनी झारी कडेवरून हळूच वाकवली, लहान मुलाच्या डोक्यावर पाणी घालतात तशी. चर्र झालं. पांढरी वाफ उठली, तिच्यात ते दिसेनासे झाले. फक्त आवाज येत होता. "भंय दिसता... भंय दिसता..." पाण्याच्या धारेबरोबर, थांबून थांबून. वाफ विरळ झाली तेव्हा त्यांच्या विजारीचे पाय लटलटताना मला दिसले. हात स्थिर होता.

मी झाऱ्या आणत राहिले. एकदा रिकामी झारी घ्यायला आत वळले तेव्हा माझं कोपर मिथेनॉलच्या ड्रमला लागलं. ड्रम गरम होता. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. मी कोपर काढून घेतलं आणि पाणी आणायला गेले.

ढेप बुडाली. चर्र थांबलं. सर बाहेर येऊन चिऱ्यांवर बसले, आणि बाबलोने दिलेला चहा बशीत ओतून प्याले.

शेट आत डोकावून आले. "झालं काय पण? काहीच तर झालं नाही," म्हणाले. खरंच काही झालं नव्हतं. ना भडका, ना कुणाला ओरखडा, माझी बांगडी सोडून. न झालेली गोष्ट माणसांना दाखवायची कशी? पूजा पुन्हा मांडली, नारळ फुटला, पंगत बसली. पंगतीत एकाने पाण्याचा तांब्या वाकवत सरांची नक्कल केली, "भंय दिसता, भंय दिसता," आणि सगळ्यात मोठ्याने हसली ती पहिल्या वर्गाची बाई. सर ऐकत होते. श्रीखंड खात होते.

सुट्टी संपता संपता मी दसऱ्याची साडी इस्त्रीला घेतली. गरम इस्त्री पदरावरून फिरली आणि कापडातून तो वास उठला. कडू बदाम, खाली जळकं. माझं कोपर एकदम तापलं. खरंच तापलं, मी दुसऱ्या हाताने चाचपून बघितलं. आणि तेव्हा, स्वतःच्या घरात, भर दुपारी, मला दिसलं की बूच आणखी जरा सैल असतं, तिसरी वात आणखी एकदा उभी राहिली असती, तर. अंगणात उभ्या असलेल्या त्या बायका, ती पोरं. मी जमिनीवर बसले. इस्त्रीचं बटण बंद केलं. मग उठून परत बघितलं, बंद आहे ना. सासूबाईंनी विचारलं, "गो, भूत पळयलें?" मी इस्त्रीचं बटण तिसऱ्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी फाटकात मी उभीच राहिले. आत पाऊल पडेना. सर कट्ट्यावर बसलेले होते. त्यांनी मला किती वेळ पाहिलं कोण जाणे.

"कित्याक उभी?"

"सर," मी म्हटलं, आणि शेंबड्या पोरीसारखी रडायला लागले, "माका भंय दिसता."

ते हसले नाहीत, धीरही दिला नाही. सरकून जागा केली. "बस. सांग. कशाचें?"

मी सांगत गेले. बुचाचं. झाकणाचं. पुढच्या वर्षी येणाऱ्या आरोग्यवालीचं. तुम्ही किंवा मी रजेवर असू त्या दिवसाचं. बाबलोच्या विडीचं. सर प्रत्येकाला मान डोलवत होते, ओळखीचं गाव मागे पडत जावं तसे. मग मी म्हटलं, "आणि त्या गटाराचं. गोदाम धुतलेलं पाणी भिंतीखालून हॉलमध्ये येतं ना, ते समईच्या पाटाखालूनच जातं. मिथेनॉल सांडलं तर तेही तिथूनच येईल."

सरांची मान थांबली.

"तें माका सुचूंक नाशिल्लें," ते म्हणाले. त्यांना न सुचलेलं.

ते उठून आत गेले. मीही गेले. दोघांनी वाकून ते गटार पाहिलं. झेंडूच्या पाकळ्या त्यात तशाच अडकून होत्या. सरांनी त्यात बोट घालून उतार पाहिला. मग बाबलोला हाक मारून वाळू आणि सिमेंट मागवलं, आणि खिशातून फोन काढून चोपड्याला लावला.

"शांते, आयज जेवणाक घरा येतंय," ते म्हणाले. पलीकडून काकींनी काहीतरी विचारलं असावं. "न्हय, न्हय, बरो आसा. मेळ्ळें. कोण म्हणजे? तीच गो. ती हांसताली ती."

फोन खिशात ठेवून त्यांनी डबा उचलला. "आता तू भिये," मला म्हणाले, "मी जातंय."

बाबलो वाळू कालवायला लागला. मी चष्मा केसांवरून डोळ्यांवर ओढला, रिअ‍ॅक्टरपाशी गेले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, आधी नायट्रोजन. आवाज इतका कापत होता की बाबलोने कालवणं थांबवून वर पाहिलं.